‘शेवटची’ कॅडिलॅक : छंदाचा हिशेब वेगळा, धंद्याचा वेगळा



या आठवड्याच्या व्हिडिओत कॉस्टिंग शिकवताना मी उदाहरण घेतलं १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबलचं. तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मसाल्याचा नाहीतर पॅकेजिंगचा धंदा करायचाय, ही अमेरिकेतली जुनी गाडी कशाला? तर आवडीच्या वस्तूत पैसा कुठे अडकतो आणि कुठे सुटतो, हे या गाडीइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे सावकाश बघू.

आधी गाडी समजून घ्या. लांबी साधारण पावणेसहा मीटर, वजन सव्वादोन टनांच्या वर, इंजिन ८.२ लिटरचं व्ही-८. एवढं मोठं इंजिन, पण ताकद फक्त १९० हॉर्सपॉवर. प्रदूषणाचे नियम आल्यावर कंपन्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी केलं होतं आणि हॉर्सपॉवर मोजायची पद्धतही बदलली होती. त्यामुळे ही गाडी पळवायची नाही, तरंगवायची. अॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की कमी आरपीएमलाच गाडी आवाज न करता पुढे सरकते. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, टप मागे टाकलेला असतो आणि समोर पलंगाएवढं बॉनेट. त्या काळात अमेरिकेत महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, आणि ही गाडी त्याच वेगात सगळ्यात छान चालते. लिटरला चार किलोमीटर देते, तेही रस्ता चांगला असला तर!

आता मुद्द्याचं. उलटण्याच्या अपघातासंबंधी कडक नियम येणार, उघड्या टपाच्या गाड्या बंद होणार, अशी तेव्हा हवा होती. त्यात मागणीही घटलेली. बाकी अमेरिकन कंपन्यांनी असे मॉडेल आधीच बंद केले होते. कॅडिलॅकने १९७६ ला ‘ही शेवटची’ म्हणून १४,००० गाड्या विकल्या. लोकांची झुंबड उडाली. काहींनी छापील किमतीवर वरचे पैसे मोजले, गाडी घरी आणली आणि झाकून ठेवली. पुढे सोनं होणार म्हणून.

१९८४ ला कॅडिलॅकने पुन्हा कन्व्हर्टिबल बाजारात आणली. काही मालक चिडून कोर्टात गेले. पण मला विचाराल तर कंपनीच्या शब्दापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. १४,००० पैकी इतक्या गाड्या जपून ठेवल्या गेल्या, की ‘जपलेली गाडी’ ही दुर्मिळ गोष्टच राहिली नाही. सगळ्यांनी एकच माल साठवला तर भाव कुणाला मिळणार? कांद्याचा बाजार बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय नुसती उभी ठेवलेली गाडी खराब होते. पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबतो, ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून पाइप आतून गंजवतं, रबरी सील वाळतात, टायरला भेगा जातात. म्हणून अशी गाडी घेताना मीटर कमी दिसला की हुरळून जाऊ नका. आधी फरशीचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांवरचा पत्रा बघा. इंजिन दुरुस्त होतं, त्याचे पार्ट मिळतात. गंज मात्र खिसा रिकामा करतो. आणि कॅलिफोर्नियात असाल तर वर्षसुद्धा बघा. तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९७६ च्या गाडीला नाही. एका वर्षाच्या फरकाने कायमचा खर्च मागे लागतो.

आता कागद-पेन घ्या. आकडे समजावण्यापुरते धरलेत. गाडी ९,००० डॉलरला घेतली. पार्ट ११,०००. क्रोम, सीट, नवीन टप बाहेरून करून घेतला, त्याचे १०,०००. रोख गेले ३०,०००. यात मेहनत ३५० तासांची, तासाला १०० डॉलर धरले तर ३५,०००. एकूण ६५,०००. आणि समजा तयार गाडी विकली गेली ३०,००० ला.

घरच्या गॅरेजमध्ये स्वतः राबणारा म्हणतो, माझे पैसे सुटले! बरोबर आहे, त्याला साडेतीनशे तासांची मजा फुकट मिळाली, वर काही वर्षं फिरायला गाडी. तो छंद आहे आणि छंद म्हणून सौदा उत्तम. पण त्याच माणसाने तोच कागद दाखवून रिस्टोरेशनचं गॅरेज काढलं, तर पहिल्याच गाडीत ३५,००० चा खड्डा, कारण आता ते तास मिस्त्रीच्या पगाराचे आहेत. गॅरेजवाला टिकतो तो दुसऱ्याच्या गाडीवर तास विकून. गाडी गिऱ्हाइकाची, हौस गिऱ्हाइकाची, तासाचे पैसे आपले. स्वतःच्या नावावर गाडी घेऊन सजवून विकायच्या फंदात पडला की तो अडकलाच म्हणून समजा.

याहून मजेशीर माणसं बाजूला उभी आहेत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत नियम आला, हळू धडक बसली तर बंपरने ती सोसली पाहिजे. म्हणून बंपर थोडा आत दबेल असा बसवला आणि बंपर व बॉडीमधली फट लवचिक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी झाकली. त्यांना फिलर म्हणतात. उन्हाने हे फिलर बिस्किटासारखे चुरतात. लाखमोलाचा रंग दिला तरी तिथे भगदाड दिसतं. आज तिकडे छोटे उत्पादक फायबरग्लासचे किंवा लवचिक प्लॅस्टिकचे नवे फिलर बनवून विकतात. तसंच टपाचं. कात्रीसारखा आत दुमडणारा हा टप मोटर, केबल आणि गिअरवर चालतो, आणि त्याचे गिअर झिजतात. निव्वळ तेवढंच दुरुस्त करणारे कारागीर आहेत.

मिशिगनमधली हॅगर्टी बघा. १९८४ ला लाकडी बोटींच्या विम्यापासून सुरुवात, १९९१ ला जुन्या गाड्यांकडे वळली, आणि २०२१ ला शेअर बाजारात. साधा विमा जुन्या गाडीला भंगाराचा भाव लावतो. इथे किंमत आधी ठरवून लिहून देतात, आणि गाडी रोजच्या वापराची नसल्याने धोकाही कमी.

आता फिलरचंच गणित करू, पुन्हा धरलेल्या आकड्यांवर. साचा ६,००० डॉलर, एका सेटला माल-मजुरी ६०, विक्री १५०. सेटमागे सुटतात ९०. म्हणजे ६७ व्या सेटला साचा फिटला. १४,००० कन्व्हर्टिबल बनल्या, आणि त्याच वर्षीच्या बंद टपाच्या एल्डोराडो त्याच्या दुपटीहून जास्त, त्यांनाही फिलर लागतातच. त्यातल्या किती आज रस्त्यावर असतील, एका गाडीला किती वर्षांनी दुसरा सेट लागेल, आणि शेजारच्या गावातल्याने तोच साचा बनवून १२० ला विकायला काढला तर तुमचा ६७ चा आकडा कुठे जाईल? (१०० वर जातो, करून बघा.) हे तीन प्रश्न तुमच्या स्वतःच्या मालाला लावून वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत साच्याचा खर्च नगांवर कसा वाटायचा ते घेणार आहोत, तेव्हा ते पान उघडं लागेल.