टांचेचें दुखणें आणि वाढलेलें हाड



उपासना आटोपून सतरंजीवरून उठतांना आपल्या कित्येक वडील बहिणी भिंतीचा आधार घेऊन दोनचार पावलें लंगडत टाकितात. पहांटे अंथरुणांतून उठतांना तर पहिलें पाऊल खिळ्यावर पडल्यासारखें वाटतें. थोडें चालल्यावर कळ ओसरते व दिवसभर उभें राहिलें कीं पुन्हां येते. अशा मनुष्यानें क्ष-किरणांचें चित्र काढविलें आणि टांचेच्या हाडास कांट्यासारखा अंकुर दिसला, कीं तो घाबरतो. हाड कापल्यावांचून गति नाहीं असें समजून तो कर्जाच्या विचारास लागतो.

ही भीति बहुतेक निराधार आहे. राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधले आणि १९०० सालीं प्लेटनर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें या अंकुराचें वर्णन केलें. चित्रांत दिसतो तोच अपराधी, असें सहजच वाटलें. परंतु ज्यांची टांच कधींच दुखली नाहीं अशा पुष्कळांच्या पायांतहि तो आढळतो, आणि टांच दुखणाऱ्या कित्येकांना तो मुळींच नसतो. दुखणें बरें झाल्यावरहि अंकुर जागचे जागीं राहतो!

खरें दुखणें बहुधा टांचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून जाणाऱ्या चिवट पट्ट्याचें असतें. हा पट्टा धनुष्याच्या दोरीप्रमाणें पायाची कमान धरून ठेवितो. शरीराचें वजन, शहाबादी फरशीवर तासन्‌तास उभें राहणें, आखडलेली पोटरी, यांनीं तो टांचेशीं झिजतो. रात्रीं तो आखडतो, म्हणून सकाळचें पहिलें पाऊल फार दुखतें.

यास्तव अंथरुण सोडण्यापूर्वींच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटें हातानें नडगीकडे ओढावीं व दहा अंक मोजावे. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां करावें. भिंतीस हात टेकून, मागच्या पायाची टांच जमिनीवर ठेवून पोटरीहि ताणावी. टांचेखालीं मऊ असलेली वहाण घरांतहि घालावी. चुलीपाशीं वहाण नको ही जुनी समजूत आपल्या घरांतूनहि गेलेली नाहीं, पण तिच्यासाठीं पाय कां झिजवावे? धीर धरावा लागतो. तरी बहुतेकांस कांहीं महिन्यांत, फार तर वर्षभरांत, शस्त्रक्रियेवांचून आराम पडतो.

रुईचें पान ठेवून तापलेल्या विटेचा शेक घेतल्यानें बरें वाटेल, पण हाड विरघळत नाहीं. मधुमेहानें किंवा कुष्ठरोगानें ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनीं तर असा शेक कदापि घेऊं नये. कातडी भाजली तरी त्यांस कळत नाहीं. टांच सुजली, ताप आला, निजल्यावरहि ठणका राहिला, किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां डॉक्टरांस दाखवावें.