कान फुटलेले मूल
(उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक यांजकरिता आरोग्यपाठ)

वाचावयाचा भाग : मार्क ७:३१-३७.

ह्या भागात एका बहिऱ्या मनुष्याला प्रभूकडे आणिल्याचे वर्तमान आहे. तो आपण होऊन आला नाही. त्यास आणणारे कोणी होते. प्रभूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले व त्याच्या कानांस व जिभेस स्पर्श केला. आमच्या खेड्यांतील बहिरे लेकरूही आपण होऊन डॉक्टरांकडे जात नाही. हाक मारिली असता ते वळत नाही, म्हणून लोक त्यास उद्धट किंवा मंदबुद्धी ठरवितात, व शिक्षाही करितात. पुष्कळ वेळा त्याचा कान फुटलेला असतो, इतकेच.

१. कान का फुटतो? कानाच्या आत सुमारे १ सेंटिमीटर रुंदीचा पातळ पडदा आहे. त्यामागे तीन हाडे आहेत. त्यांतील रिकिबीच्या आकाराचे हाड सुमारे ३ मिलिमीटरचे असून शरीरात सर्वांत लहान आहे. नाकाच्या मागून एक नळी तेथवर जाते. मुलांमध्ये ती आखूड व आडवी असल्यामुळे पडशाचा दोष सहज कानात शिरतो, पू साचतो व पडदा फुटतो. फुटताच ठणका थांबतो, आणि आईबापांस वाटते, दुखणे बरे झाले. येथेच घात होतो. वर्षानुवर्षे वाहणारा कान ऐकणे हिरावून घेतो. क्वचित पू कानामागील हाडातून मेंदूपर्यंतही पोहोचतो.

२. कान-नाक-घशाचे डॉक्टर काय करितात? ते आधी पाहतात, मग औषध देतात. १८४१ साली हॉफमन नामक जर्मन वैद्याने मध्ये छिद्र असलेल्या आरशाने कानात उजेड पाडून आतील भाग पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. आता दिवा व सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. डॉक्टर पू शोषून कान कोरडा करितात, थेंब देतात व ऐकण्याची परीक्षा घेतात. छिद्र बुजले नाही, तर कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन त्यास ठिगळ लावितात.

३. आपण काय करावे? वाहत्या कानात तेल, दूध किंवा पाल्याचा रस घालू नये. काडी फिरवू नये. स्नानाच्या वेळी व्हॅसलिन लाविलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा. हरभरा किंवा चिंचोका अडकला असता पाणी घालू नये, कारण दाणा फुगतो. घड्याळाची चपटी बॅटरी नाकाकानात गेली, तर त्याच घटकेस दवाखाना गाठावा. ती आतील मांस जाळिते. तान्हे मूल आवाजाने दचकत नसेल, तर बोलण्याच्या वयाची वाट पाहू नये. ज्यास ऐकू येत नाही, त्यास ऐकून बोलावयास शिकता येत नाही.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना करून घरी तेलाची वाटी तापवीत बसू नये. त्या बहिऱ्यास आणणाऱ्यांनी प्रभूस विनंती केली, तशीच त्यास नेण्याची तसदीही घेतली.

प्रश्न : १. ठणका थांबला म्हणजे कान बरा झाला, असे का म्हणू नये? २. आपल्या मंडळीत हाकेस न वळणारे मूल कोणते? ३. त्यास डॉक्टरांकडे कोण नेईल, व कोणत्या दिवशी?