मोडक्या कानाचा कानमंत्र

बाळा, पुण्याच्या तालमीत राहायला निघालास, म्हणून हे लिहून देतोय. समोर बसवून सांगितलं असतं तर माझ्या कानांकडे बघून हसत बसला असतास.

१. नखं आदल्या रात्रीच काप — पंचांनी हात उलटे करून बघितले आणि मला भर आखाड्यातून ब्लेड शोधायला पळवलं, तेव्हा सगळी जत्रा हसली होती.

२. लंगोट नि पंचा कुणाला देऊ नको, कुणाचा घेऊ नको — नायटा वस्तादांना विचारून तालमीत शिरत नाही.

३. कान सुजला की लगेच डॉक्टर गाठ, साकळलेलं रक्त काढून पट्टी बांधून घे — राहिलं तर आत गाठ धरतं. आम्ही मोडका कान मिरवायचो. आता त्यात ऐकायचं यंत्र बसत नाही.

४. सुट्टीला आलास की तोरणा चढताना पळ, उतरताना चाल — चढ दम देतो, उतार गुडघ्याची वाटी मागतो.

५. भातलावणीला जरूर जा, पण त्या संध्याकाळी कुस्ती धरू नको — दिवसभर वाकलेल्या कमरेला डाव सुचत नाही. आई कामचुकार म्हणाली तर माझं नाव सांग.

६. वजन रोज सकाळी कर आणि वहीत लिही — आदल्या रात्री पाणी तोडून उतरवलेलं वजन ताकदही घेऊन जातं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली होती. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि पदक गेलं. शंभर ग्रॅम म्हणजे जत्रेतला रेवड्यांचा पुडा रे!

७. ‘काही नाही, ताकदीचं आहे’ म्हणून कुणी पावडर दिली तर घेऊ नको, आणि सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना ‘मी पैलवान आहे’ सांगूनच घे — नाडाच्या उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीत सापडलं की ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका नाही. दूध-बदामाला कुणी पकडत नाही.

८. जोड लावताना आधी समोरच्याचं वजन बघ, इनामाचा आकडा नंतर ऐक — पाचशे रुपयांसाठी मी पंधरा किलो जास्तीच्या गड्याशी हात मिळवला. इनाम त्याला, खांदा माझा गेला.

९. प्रमाणपत्रं प्लॅस्टिकात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेव, त्यावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळवून घे — सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पडताळणीला कागद लागतो, जत्रेतली ढाल नाही. माझे कागद भिंतीच्या ओलीनं गेले. तालुक्याचं नाव आता राजगड झालं तरी पाऊस वेल्ह्याचाच आहे.

१०. कुणी दूध घातलं, कुणी तूप दिलं, तेही वहीत लिही — १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेसुद्धा लोकांच्या वर्गणीवर. भोरला कधी उतरलास तर तिथल्या दूध-तूप देणाऱ्यांच्या घरी रिकाम्या हातानं का होईना, जाऊन ये.

स्वारगेटला पोचलास की फोन कर. पिशवीत तुपाचा डबा आहे, तो उभा धर. झाकण ढिलं आहे.