तेलाची मात्रा आणि रोजचे चंक्रमण



“गोड तर आम्ही खात नाही, मग शुगर कशी झाली?” हा प्रश्न आज वस्तीतल्या कितीतरी घरांत ऐकू येतो. याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला पेशीच्या आत पाहावे लागेल.

शरीरातल्या बहुतेक पेशींत अन्न जाळून शक्ती देणाऱ्या बारीक बारीक चुली असतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका किंवा मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. हृदय, स्नायू, यकृत, मेंदू यांत त्या भरपूर असतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन तिथे वापरला जातो.

भाताच्या 1 ग्रॅम पिष्टातून 4 कॅलरी मिळतात, तर 1 ग्रॅम तेलातून 9. तेल जास्त आणि हालचाल कमी झाली की जळण उरते. ते पोटावर, यकृतात आणि स्नायूंतही साठते. मग इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तातली साखर वाढते. पण तेल पूर्ण बंद करणेही चूक, कारण या चुलींची आवरणेच स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात. म्हणून इथेही मध्यम मार्गच बरा.

दुसरी गोष्ट, चुली वाढवता येतात. 1967 साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे नियमित पळवले. त्यांच्या पायांच्या स्नायूंची जळण जाळण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. व्यायामाने माणसाच्या स्नायूंतही अशी वाढ होते, हे पुढे दिसून आले. मात्र व्यायाम सोडला की हा फायदा काही आठवड्यांतच ओसरू लागतो.

तथागतांनी राजा प्रसेनजिताला जेवणात मात्रा राखायला सांगितले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ आहेत. त्यांत निरोगीपण आणि अन्नाचे चांगले पचन हेही आहेत. तेव्हा आपण घरात एवढे करू या:

• बैठे काम असेल तर माणशी दिवसाला चार-पाच छोटे चमचे तेल पुरे. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन-चार लिटरच्या वर तेल जात असेल, तर हात आखडावा.

• वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल टाळावे. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, बोंबील यांतून चांगली स्निग्धता मिळते.

• आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालावे. गल्ली अरुंद असेल तर विहाराचे अंगण आहेच.

• दिवसभर ओझी वाहणाऱ्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. त्याला पोटभर सकस जेवण आणि विश्रांती हवी.

• चालताना छातीत दुखले किंवा फार धाप लागली, तर थांबून लगेच डॉक्टरांकडे जावे. शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

जिमला पैसे लागतात, चालायला लागत नाहीत. येत्या रविवारी वंदना झाली की सगळे मिळून चालायला सुरुवात करू या.

नमो बुद्धाय! जय भीम!