पाठ ९ : बागेसह जुने प्रशस्त घर – इसार देण्यापूर्वीचे तीन हिशेब

‘आदर्श नगरात प्रशस्त कौटुंबिक घर, पुढे-मागे बाग, जुने मजबूत बांधकाम, विक्रीस. किंमत समक्ष बोलून.’

अशी चार ओळींची जाहिरात वाचली की मन लगेच अंगणात खुर्ची टाकून बसते. जयपुरात नोकरीनिमित्त किंवा गलाईच्या धंद्यानिमित्त स्थिरावलेल्या आपल्या अनेक खातेदारांना भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचे असते. मुलांना खेळायला जागा हवी, गावाहून आई-वडील आले तर त्यांना वेगळी खोली हवी. ही इच्छा रास्त आहे. मात्र घर आवडणे आणि ते घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये इसाराची रक्कम अडकते. इकडे त्याला बयाना म्हणतात. वीस वर्षांच्या बचतीचा पहिला मोठा धनादेश बहुधा हाच असतो.

या पाठात तुम्ही तीन हिशेब शिकाल : कागदाचा, बांधकामाचा आणि पैशाचा. तिन्ही जुळेपर्यंत इसार द्यायचा नाही, एवढाच या पाठाचा नियम आहे.

जुन्या घराचे वेगळेपण

सातव्या एडवर्डच्या राजवटीत, म्हणजे १९०१ ते १९१० या काळात, इंग्लंडमध्ये बांधलेली बागेची मोठी घरे आजही तिथे विकली जातात. तिथला खरेदीदार आधी तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेतो, वकील कागद पाहतो आणि करारांची देवाणघेवाण होईपर्यंत सहसा कोणीच बांधील नसतो. आपल्याकडे अनेकदा उलटे घडते. आधी इसार जातो आणि मग तपासणी सुरू होते.

महाराष्ट्रात त्याच सुमाराचे बंगले माथेरान, महाबळेश्वर, पुण्याचा कॅम्प अशा ठिकाणी आहेत. माथेरान आणि महाबळेश्वरला त्यांतल्या अनेक बंगल्यांखालची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. म्हणजे बंगला विकत मिळाला तरी जमीन मालकीची होतेच असे नाही.

आदर्श नगरची गोष्ट निराळी आहे. जयपूरच्या तटबंदीबाहेरचा हा भाग आणि शेजारचा राजा पार्क इथे फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेली कुटुंबे वसली. आजोबांच्या नावावर भूखंड, त्यावर वडिलांनी वाढवलेले घर आणि आता तिसरी पिढी विक्रीला निघालेली, असे चित्र अशा वस्तीत सहज दिसते. म्हणून इथे पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ‘हे घर आज नेमके कोणाकोणाचे आहे?’ हा असतो.

पहिला हिशेब : कागदाचा

सुरुवातीपासून आजपर्यंतची मालकीची साखळी लिहून काढा. पहिले वाटपपत्र किंवा पट्टा कोणी दिला, कोणाला दिला, पुढे कोणत्या खरेदीखताने, मृत्युपत्राने किंवा वारसाने घर कोणाकडे आले, हे एकाखाली एक मांडा. महाराष्ट्रात आपल्याला सात-बारा आणि मिळकतपत्रिका पाहायची सवय असते. जयपुरात शहरी घरासाठी जयपूर विकास प्राधिकरण किंवा महानगरपालिका यांचा पट्टा पाहावा लागतो. नुसता गृहनिर्माण सोसायटीचा पट्टा दाखवला तर वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वारस मोजा. समजा, आजोबा मृत्युपत्र न करता वारले आणि आजीही त्यांच्या आधीच गेल्या होत्या. त्यांना दोन मुलगे व दोन मुली. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. पुढे एक मुलगी वारली, मागे पती व दोन मुले राहिली. तिचा चतुर्थांश त्या तिघांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. तेव्हा खरेदीखतावर सह्या किती लागतील? दोन मुलगे, एक मुलगी आणि दिवंगत मुलीचे तीन वारस, अशा सहा. घर दाखवणारा मुलगा मात्र एकटाच असतो आणि ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ असे सांगतो. बहिणींचे म्हणणे त्यांच्या सहीने किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने कळते, भावाच्या तोंडून नव्हे.

सहापैकी एकाच्याच सहीने खरेदी केली तर तुमच्या हाती फक्त त्याचा हिस्सा येतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एक हिस्सा घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. बचत गेली, घर मिळाले नाही आणि कोर्टाच्या तारखा तेवढ्या हाती आल्या, अशी गत होते.

आणखी चार गोष्टी तपासा.

१. मूळ कागद पाहायला मागा. झेरॉक्सवर समाधान मानू नका. मूळ खरेदीखत बँकेत ठेवूनही घर गहाण टाकता येते. ‘मूळ प्रत गावाला आहे’ या उत्तराचा अर्थ ती एखाद्या सावकाराकडे किंवा बँकेत आहे, असाही असू शकतो.

२. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा किमान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. गहाण मिळकतींची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या ‘सरसाई’च्या संकेतस्थळावर शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. तोही घ्या.

३. मुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर थांबा. केवळ मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते.

४. बाग मोजा. जयपुरात जागा वर्गगजात सांगतात. एक वर्गगज म्हणजे ९ वर्गफूट, म्हणजे ३०० वर्गगज म्हणजे २,७०० वर्गफूट. कुंपणाच्या आतली जागा पट्ट्यातल्या आकड्यापेक्षा जास्त भरली तर ती जादा जागा बहुधा विक्रेत्याची नाही. रस्ता रुंद झाला की आधी तीच जाते. तिचे पैसे देऊ नका.

दुसरा हिशेब : बांधकामाचा

‘जुने मजबूत बांधकाम’ हे विक्रेत्याचे मत झाले. तुमचे मत स्थापत्य अभियंत्याच्या तपासणीवर ठरवा. जयपूरच्या जुन्या घरांत दगडी पट्ट्यांचे छत आढळते. पट्टीला तडा आहे का, सांध्यांतून पाणी मुरते का, हे पाहण्यासाठी शक्य असल्यास पावसाळ्यात एक फेरी मारा. उन्हाळ्यात नुकताच रंग दिलेली भिंत काही सांगत नाही. दारे-खिडक्यांच्या चौकटींना वाळवी, जुने वायरिंग, गंजलेले नळ आणि सांडपाण्याची वाट हेही पाहा.

बागेचाही खर्च असतो. राजस्थानच्या उन्हात हिरवळ पाण्याशिवाय टिकत नाही. पाणी नळाचे आहे की कूपनलिकेचे, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे शेजाऱ्यांना विचारा. दुरुस्तीचा अंदाज अभियंत्याकडून लेखी घ्या, कारण तो आकडा पुढच्या हिशेबात लागणार आहे.

तिसरा हिशेब : पैशाचा

‘ऐंशी टक्के बँक देते, वीस टक्के आपले’ असे आपण सर्रास ऐकतो. हे वाक्य जुन्या घराला तसेच्या तसे लागू पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. ही कमाल मर्यादा आहे. टक्केवारी काढताना बँक मागितलेल्या किमतीवर जात नाही. करारातील किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेले मूल्य यांतला कमी आकडा धरला जातो. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे त्यात धरत नाहीत.

एक उदाहरण सोडवू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

ठरलेली किंमत : ८० लाख रुपये
बँकेचे मूल्यांकन : ७२ लाख रुपये
कर्ज, मूल्यांकनाच्या ८० टक्के : ५७.६० लाख रुपये
किमतीतला स्वतःचा वाटा : २२.४० लाख रुपये
मुद्रांक शुल्क, अधिभार व नोंदणी, हिशेबापुरते ८ टक्के : ६.४० लाख रुपये
दुरुस्ती : ८ लाख रुपये
सहा महिन्यांच्या हप्त्यांची राखीव रक्कम : ३ लाख रुपये
एकूण स्वतःजवळ हवेत : ३९.८० लाख रुपये

‘वीस टक्के आपले’ या समजुतीने हाच खातेदार १६ लाख रुपये घेऊन निघाला असता. त्यातले ५ लाख इसारात दिल्यावर त्याला कळले असते की आणखी सुमारे २४ लाख कमी पडतात. मग घाईघाईने सोने गहाण, वैयक्तिक कर्ज, नातेवाइकांकडून उसनवार, किंवा इसारावर पाणी!

आता हप्ता पाहू. ५७.६० लाखांवर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी महिन्याला सुमारे ५०,००० रुपये पडतात. घर जुने म्हणून बँकेने १५ वर्षांचीच मुदत दिली तर हप्ता सुमारे ५६,७०० रुपये होतो. मुदत २० वर्षेच राहिली, पण व्याजदर एक टक्क्याने वाढला तर सुमारे ५३,७०० रुपये. हे तिन्ही आकडे घरच्या मासिक खर्चाशेजारी मांडा. तिसऱ्या आकड्याला शाळेची फी चुकणार असेल, तर पहिल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

महिलेच्या नावे खरेदी केल्यास राजस्थानात मुद्रांक शुल्कात सवलत आहे. महाराष्ट्रातही आहे. घरात याचा विचार जरूर करा.

दोन भावांनी मिळून घर घ्यायचे असेल तर प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतात लिहा आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातूनच पैसे द्या. आज संकोचाने न लिहिलेला हिस्सा पुढच्या पिढीत भांडणाचे कारण होतो.

पैसे देताना

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, पण व्यवहार मोडला तर पावती नसलेली रोकड तुमचीच बुडते. इसार बँकेतूनच द्या आणि साठेखतात तीन अटी घाला : सर्व वारस ठरलेल्या तारखेपर्यंत सह्या करतील, मालकीत दोष निघाला किंवा बँकेने त्या कारणाने कर्ज नाकारले तर इसार परत मिळेल, ताबा घर रिकामे करूनच दिला जाईल.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्यांना द्यायच्या रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी असते. एखादा वारस परदेशात स्थायिक असेल तर त्याच्या हिश्शाला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. तिथली कपात बरीच जास्त असते. अशा वेळी पैसे देण्याआधी सनदी लेखापालाला भेटा. कापायचा राहिलेला कर तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

लक्षात ठेवा

• घर एकदा आवडीसाठी पाहा आणि एकदा अभियंत्याला घेऊन पाहा.
• वारसांची यादी आणि सह्यांची यादी एकच असली पाहिजे.
• पट्ट्यातली जागा आणि कुंपणातली जागा जुळली पाहिजे.
• कर्ज मूल्यांकनावर मिळते, मागितलेल्या किमतीवर नाही.
• ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ म्हणून आज इसार देऊ नका. वकील व अभियंता यांना पंधरा दिवस लागतात आणि त्यांची फी इसाराच्या मानाने किरकोळ असते.

स्वतः करून पाहा

१. आजोबांना एक मुलगा व दोन मुली. मृत्युपत्र नाही, आजी हयात आहेत. प्रत्येकाचा हिस्सा किती आणि सह्या किती? (उत्तर : प्रत्येकी एक चतुर्थांश, चार सह्या.)

२. किंमत ५० लाख, मूल्यांकन ४५ लाख. ८० टक्के दराने कर्ज किती आणि किमतीतला स्वतःचा वाटा किती? (उत्तर : कर्ज ३६ लाख, स्वतःचा वाटा १४ लाख.)

३. तुमच्या मनातल्या घरासाठी वरील आठ ओळींचा तक्ता वहीत भरा. मूल्यांकनाची ओळ कोरी राहत असेल तर इसार देण्यापूर्वी शाखेत या. कर्ज विभागात कोणती कागदपत्रे लागतील ते विचारून मगच विक्रेत्याला शब्द द्या.