विसार देण्यापूर्वी पूररेषा पाहा

कोल्हापुरात घर बांधू पाहणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आम्ही सुचवितो की, सिमेंट-सळईचा भाव विचारण्याआधी जागेची पूररेषा तपासावी. २०१९ व २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदी व निळी रेषा यांमध्ये बांधकामास मनाई असते. निळ्या व लाल रेषेमध्ये अटींवर परवानगी मिळते. जोते लाल रेषेच्या वर घ्यावे लागते. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी माहिती घेऊनच विसार द्यावा. तळमजल्यावर दुकान वा कारखाना असल्यास विजेचा मीटर व मालाच्या फळ्या उंच बसवाव्यात. जोत्यात वाचविलेला पैसा पुरात मालासकट जातो.