भोजनातील आंबट फळांचे स्थान

आंबट फळे केव्हा खावीत, या प्रश्नाचे आयुर्वेदातील उत्तर घड्याळाच्या वेळेपेक्षा भोजनाच्या क्रमाकडे अधिक लक्ष देते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात प्रथम मधुर, मध्ये आंबट व खारट, आणि शेवटी तिखट, कडू व तुरट पदार्थ खावेत, असे सांगितले आहे. आरंभी मधुर रसाने वात शमतो व मध्यावरील आम्लाने जाठराग्नी प्रदीप्त होतो, अशी त्याची परंपरागत मीमांसा आहे. या क्रमाला सुश्रुताने अपवादही दिले आहेत. डाळिंबासारखी फळे त्याने भोजनारंभी घ्यावयास सांगितली आहेत. आवळा तर आरंभी, मध्ये व शेवटी केव्हाही हितकर मानला आहे. आंबट पदार्थ बहुधा पित्त वाढवितात, पण डाळिंब व आवळा तसे करीत नाहीत, असे चरकाचेही मत आहे.

देशातील पंगतींत हा क्रम सर्वत्र सारखा आढळत नाही. तमिळ भोजनात चिंचेचे रसम् मध्यावर, दहीभाताच्या आधी येते. बंगालमध्ये मात्र कडू शुक्तो आरंभी आणि आंबटगोड चटणी शेवटाकडे असते. आणि तेथील लोक काही उपाशी राहत नाहीत!

आंबटाने अग्नी वाढतो, याचा आजच्या शास्त्राच्या दृष्टीने अर्थ काय? निरोगी माणसाचा जठररस लिंबाच्या रसाइतका, कधी त्याहूनही अधिक आम्ल असतो. त्यात लिंबाच्या फोडीने फारशी भर पडत नाही. परिणाम होतो तो मुख्यतः जिभेवाटे. आंबट चव लागताच लाळ सुटते, तोंडास रुची येते आणि घास नीट चावला जातो.

याहून मोठा लाभ आंबट फळांतील 'क' जीवनसत्त्वाचा आहे. डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्व सोबत असल्यास ते अधिक शोषले जाते. मात्र दोन्ही एकाच भोजनात पोटात जावी लागतात. सकाळी खाल्लेल्या पेरूचा रात्रीच्या वरणातील लोहाला उपयोग होत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला इतरही कारणे असतात, तरी वरणावर पिळलेले लिंबू क्षुल्लक समजू नये. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने लिंबू भांडे चुलीवरून उतरविल्यावर पिळावे.

आंबट फळे दुधाबरोबर खाऊ नयेत, असे चरकाने म्हटले आहे. दूध नासते हे कारण येथे पुरेसे नाही, कारण जठरात दूध फाटतेच. ज्यांना छातीत जळजळ होते किंवा जठरात व्रण आहे, त्यांनी मात्र रिकाम्या पोटी आंबट घेऊन त्रास वाढत असल्यास ते टाळावे. अति आंबटाने दात आंबतात, हे चरकाचे निरीक्षण आजही खरे आहे. आम्लाने दातांवरील कठीण कवच काही काळ मऊ पडते. म्हणून आंबट फळ खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास तरी दात घासू नयेत.